झिजत्या टायरचे नाट्य

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या मोटारशर्यतींचा विचार या पानांवर व्हावा काय, अशी शंका काही वाचकांस येणे स्वाभाविक आहे. जेथे मोटार खरी नाही, रस्ता खरा नाही आणि अपघाताचे भयही खरे नाही, तेथे रसास्वादाची भाषा बोलणे त्यांना अप्रस्तुत वाटेल. परंतु दशावतारी खेळात राक्षसाच्या हातातील तलवार लाकडाची असते, हे देवळाच्या प्रांगणात बसलेला प्रत्येक जण जाणतो. तरीही संकासुर रंगभूमीवर आला की लहान मुले आईच्या पदराआड दडतात. रस हा साहित्याच्या खरेपणावर अवलंबून नसतो. स्वीकारलेला संकेत किती निष्ठेने पाळला जातो, यावर तो अवलंबून असतो. या खेळाचा रस ज्या संकेतावर उभा आहे तो कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. आमच्या मते तो संकेत म्हणजे टायरची झीज होय.

मोटार कितीही बलवान असो, तिचा भूमीशी संबंध चार टायरांच्या टेकलेल्या भागांपुरताच असतो. साध्या मोटारीत हा भाग प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढा भरतो. तेथील रबर विशिष्ट उष्णतेस पोचले म्हणजे रस्ता घट्ट धरते. थंड असता ते घसरते, अति तापले तरीही घसरते. आणि प्रत्येक घसरण नवी उष्णता निर्माण करते. म्हणून जो चालक आरंभीच्या फेऱ्यांत उतावीळपणे वेग घेतो, तो आपल्या पुढील फेऱ्यांचे भांडवल खर्च करीत असतो. मऊ रबर वेगवान पण अल्पायुषी, कठीण रबर मंद पण चिवट. पिटमध्ये थांबून टायर बदलावे तर वीस-पंचवीस सेकंद जातात, न बदलावे तर प्रत्येक फेरीत थोडे थोडे गमवावे लागते. पुढच्या स्पर्धकाच्या एक फेरी आधी थांबून ताज्या टायरांच्या बळावर त्याला मागे टाकणे, या डावाला ‘अंडरकट’ म्हणतात. टायरनीती ती हीच. आणि शर्यतीला कथानक मिळते तेही हिच्यामुळेच.

आपल्या देशातील एक उदाहरण घेऊ. २०१३ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची साठ फेऱ्यांची शर्यत झाली. मऊ टायर तेथे फार लवकर निकामी होत होते. सर्वांत पुढून निघालेल्या सेबास्टियन फेटेलने दुसऱ्या फेरीच्या अखेरीसच ते टाकून दिले, गर्दीत मागे जाणे पत्करले, आणि शेवटी शर्यत व आपले चौथे विश्वविजेतेपद दोन्ही जिंकली. त्याच शर्यतीत रोमँ ग्रोजाँ सतराव्या स्थानावरून निघाला आणि एकदाच टायर बदलून तिसरा आला. एकाने तत्परतेने त्याग केला, दुसऱ्याने चिकाटीने जपणूक केली. एकाच अडचणीची ही दोन परस्परविरोधी उत्तरे सारखीच सुंदर आहेत.

आता प्रत्यक्ष शर्यतीतही सारे नैसर्गिकच असते असे नाही. कोरड्या रस्त्यावरील शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत, हा नियम २००७ साली आला. शर्यतीच्या मध्ये इंधन भरण्यास २०१० पासून बंदी झाली. आणि २०११ पासून एकट्या पिरेली कंपनीचे, हेतुतः लवकर झिजणारे टायर सर्वांना मिळू लागले. म्हणजे नाट्य घडावे म्हणून नियम करणे ही काही संगणकाची करामत नव्हे. तथापि खऱ्या टायरला एक स्वातंत्र्य असते, आणि ते कोणत्याही नियमकर्त्याला हिरावून घेता येत नाही. २००५ साली शर्यतीत टायर बदलण्यास मनाई होती. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या तिरक्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. तेव्हा ते वापरणाऱ्या सर्व मोटारी प्रारंभीच्या संचलनानंतर पिटमध्ये परतल्या आणि केवळ सहा मोटारी धावल्या. त्यांतच नारायण कार्तिकेयन चौथा आला. क्रीडा म्हणून तो दिवस लज्जास्पद ठरला. पण रबराने त्या दिवशी नियम, करार आणि प्रेक्षक या सर्वांना नकार दिला. ज्याची कोणी रचना केली नव्हती असे काही त्याने घडवले.

आभासी टायरची खरी मर्यादा येथे आहे. तो रबराचा नसून गणिताचा आहे, ही तक्रार वरवरची होय. हे गणित मोठ्या परिश्रमाचे फळ आहे. डेल्फ्टच्या विद्यापीठातील हान्स पासेयका यांनी टायरच्या प्रत्यक्ष मापनांशी जुळणारे जे सूत्र रूढ केले, त्याला अभियंते कौतुकाने ‘जादूचे सूत्र’ म्हणतात. डेव्ह केमर यांनी १९९८ च्या ‘ग्रांप्री लेजंड्स’मध्ये १९६७ च्या हंगामातील मोटारी इतक्या निष्ठुर प्रामाणिकपणे उभ्या केल्या की नवख्याला एक फेरी धड पुरी करणे कठीण जाई. त्याच केमर यांनी पुढे २००८ साली लोकांपुढे आलेल्या ‘आयरेसिंग’साठी केवळ मापनांवर न विसंबता भौतिक नियमांतून टायर घडवण्याचा ध्यास घेतला. या परिश्रमांबद्दल आदरच वाटतो. पण निर्मात्याच्या कल्पनेत जे आले नाही, ते त्याचा टायर कधीही करू शकत नाही. तो झिजेल, तापेल, घसरेल. अनपेक्षित नकार मात्र देणार नाही.

या मर्यादेचा परिणाम लीगच्या शर्यतींत स्पष्ट दिसतो. अनेक लीगमध्ये सर्वांच्या मोटारी समबल ठेवतात, शर्यत निम्म्या अंतराची करतात आणि झिजेचा वेगही त्या मानाने वाढवतात. यामागे न्यायबुद्धी आहे, हे मान्य. मोटारी समान झाल्या की भेद उरतो तो चालकाच्या हाताचा आणि टायरविषयक विवेकाचा. तत्त्वतः ही आदर्श स्थिती. परंतु तोच टायर, तोच रस्ता, तेच तापमान असेल, तर आठवडाभर शेकडो फेऱ्या मारणाऱ्या चालकाला कोणत्या फेरीस थांबावे हे आधीच तोंडपाठ होते. मग शर्यतीत निर्णय उरत नाही, पाठांतर उरते. त्यातच एकदा तरी थांबलेच पाहिजे अशी सक्ती लीगने केली म्हणजे चालकाला पडावा असा प्रश्नही आयताच सोडवला जातो. फेटेल आणि ग्रोजाँ यांची उत्तरे भिन्न होती, कारण प्रश्नाचे उत्तर कोणालाच पाठ नव्हते.

अनिश्चितता हवी म्हणजे गोंधळ हवा, असा याचा अर्थ करू नये. २०२० च्या जून महिन्यात, महामारीमुळे ल मान्सची खरी शर्यत पुढे गेली असता, ‘आरफॅक्टर २’ या प्रणालीवर पन्नास मोटारींची चोवीस तासांची आभासी शर्यत झाली. अननुभवी हातांपासून विश्वविजेत्यांपर्यंत सर्वांना एकाच गणिताने तोलणारा तो प्रयोग धाडसी होता; पण यंत्रणेतील बिघाडामुळे ती शर्यत दोनदा थांबवावी लागली. २०२३ च्या जानेवारीतील शर्यतीत मॅक्स व्हर्स्टाप्पेनची मोटार आघाडीवर असताना तिचा संपर्कच तुटला, आणि त्याने संतापून शर्यत सोडली. हाही अनपेक्षित नकार म्हणता येईल; पण तो संकेताच्या बाहेरचा आहे. युद्धाचा प्रवेश रंगात आला असता दिवे गेले, तर प्रेक्षकाला त्यात वीररस सापडत नाही. चालकाने ज्याचा अंदाज बांधावा, ज्याच्याशी झुंजावे, ज्याची किंमत मोजावी, अशीच अनिश्चितता नाट्याला उपकारक ठरते.

अशा अनिश्चिततेचा उत्तम नमुना २०२४ साली ‘आयरेसिंग’मध्ये आलेला पाऊस होय. तेथे रस्ता भिजतो, मोटारी फिरतात तसतशी वापरातील वाट कोरडी होत जाते, आणि पावसाळी टायर कोणत्या फेरीस टाकावे याचे उत्तर सरावाच्या वहीत सापडत नाही. प्रतिस्पर्ध्याने आधी धाडस केले तर त्याच्या चाकांकडे पाहून शिकावे, की आपण पुढाकार घ्यावा? येथे गणिताचा टायर गणितच राहतो, परंतु मनुष्य पुन्हा निर्णयकर्ता होतो.

या विवेचनात मनोरंजनापलीकडचे काही पणाला लागले आहे. खऱ्या शर्यतीचे द्वार फार थोड्यांना परवडते. सुकाणूचे एक चाक आणि संगणक त्या मानाने पुष्कळांच्या आवाक्यात येतो. आपल्या घरांतील जे तरुण रात्री या शर्यती धावतात, त्यांना हा खेळ संयम शिकवतो की घोकंपट्टी, हे लीग चालवणाऱ्यांच्या हाती आहे. टायरांचे संच मर्यादित द्यावेत, हवामान आधी सांगू नये, थांबण्याची सक्ती काढून टाकावी, आणि अंतर शक्य तितके पूर्ण ठेवावे. एवढे केले तर झिजत्या टायरावर अखेरच्या पाच फेऱ्या सावरून नेणाऱ्या चालकाचे कौशल्य अस्सल मानावयास आमची हरकत नाही. कारण तेव्हा हातातील चाक खोटे असले तरी त्याने दाखवलेला विवेक खरा असेल.