जाते, ओवी आणि सामायिक कथेची कल्पना

युवाल नोआ हरारी यांच्या 'सेपियन्स' (हिब्रू २०११, इंग्रजी २०१४) या ग्रंथाने एक प्रमेय सर्वतोमुखी केले. परस्परांना अनोळखी असलेल्या माणसांचे मोठे समूह एकत्र येतात ते सामायिक कथांच्या बळावर. देव, राष्ट्र, पैसा, कायदा ही अशा कथांचीच रूपे होत. या कथांना तंत्रज्ञानाची जोड मिळाली की इतिहासाला गती येते आणि उद्या तेच तंत्रज्ञान माणसाचे रूपही पालटू शकेल, असा हा युक्तिवाद आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने त्यातील अडचण मूलगामी आहे. या मांडणीत कथा मनात घडते, अवजार हातात असते आणि दोहोंची गाठ नंतर पडते. कथा कोणत्या श्रमात सांगितली जाते आणि 'सामायिक' म्हणजे नेमकी कोणाकोणाची, हे प्रश्न विचारण्याची निकड तिला वाटत नाही.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा मुलूख या प्रमेयाची परीक्षा घेण्यास सोयीचा आहे. घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकरी वसाहत तेथे उजेडात आली. जव हे तिचे मुख्य धान्य. ते रगडण्याचे दगडी पाटे आणि वरवंटे घरोघरी होते. तेथेच कच्च्या मातीची शिरहीन स्त्रीमूर्ती, झाकणाची पेटी आणि बैल एकत्र सापडले. ही रचना कोणत्या तरी कथेचा अवशेष आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ती कथा कायमची निमाली आहे. नंतरच्या मातृदेवतांशी तिचे नाते जोडण्याचे प्रयत्न झाले. ते उद्बोधक असले, तरी त्यांतून ऐकू येतो तो अभ्यासकाचा आवाज. धान्य रगडणाऱ्या बाईचा नव्हे.

तो आवाज ऐकू येतो तो फार पुढे, जात्यावर. फिरते जाते महाराष्ट्रात सातवाहनकालीन स्थळांवर आढळते. पाट्यावरचे रगडणे पुढे-मागे होते, तर जात्याची गती वर्तुळाकार असते. खुंट्याला धरून दोघी समोरासमोर बसतात, एक ओवी उचलते, दुसरी तिला साथ देते. चरणाची लांबी, मधला विराम, श्वास घेण्याची जागा, 'बाई'सारखी भरीची संबोधने, अर्ध्या ओळीची आवर्तने हे सारे पाळीच्या फेऱ्याशी बांधलेले असते. म्हणजे येथे अवजार हे कथेचे वाहन नसून तिच्या छंदाचा कर्ता आहे. सीतेचा वनवास गाता गाता बाई आपल्या सासुरवासावर येते, तेथून भावावर, तेथून विठ्ठलावर. या संक्रमणांना जोडणारे तर्कसूत्र नसते, फिरणारा दगड असतो. रामकथा येथे 'सामायिक' आहे खरी, परंतु तिचे केंद्र हललेले आहे. रामाच्या राज्यापेक्षा सीतेला घराबाहेर काढणे हीच या कथेची मुख्य घटना ठरते. समूहाला बांधणारी कथा त्याच समूहातील अर्ध्या माणसांनी उलट बाजूने वाचली, याची दखल हरारींच्या आराखड्यात कोठे घ्यायची?

हाच प्रश्न शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे अधिक तीव्र होतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेला स्तंभ आरंभी साम्राज्याची कथा सांगत होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि स्तंभावरील महार सैनिकांच्या नावांमधून आत्मसन्मानाची दुसरी कथा उभी राहिली. १ जानेवारी २०१८ चा हिंसाचार या दोन कथांच्या पलीकडच्या तिसऱ्या संघर्षाचा होता. दगड तोच, सामायिकता मात्र एकसंध नाही. बाबासाहेबांवरील ओव्याही दलित स्त्रियांनी जात्यावर रचल्या, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

पिठाच्या गिरणीने हे श्रम संपवले. त्याबद्दल हळहळणे हा पुरुष अभ्यासकांचा जुना दोष आहे. पहाटेच्या दळणातून सुटका झालेल्या स्त्रीला ती हळहळ मानवणारी नाही. लग्नातल्या हळदीच्या दळणापुरते जाते उरले, ओवीही तेवढ्यापुरतीच उरली. याच संधिकालात हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून संकलनाचे काम हाती घेतले. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्याला ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय सूचीची जोड मिळाली. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने प्रकाशात आणण्यास घेतला. शिरूर तालुक्यातील सविंदणे, तसेच दौंड तालुक्यातील गावांच्या गायिका त्यात आहेत.

या संग्रहाचे मूल्यमापन सरधोपटपणे करता येत नाही. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'सारख्या संग्रहांत ओवी 'लोकां'ची होती, गायिका अनाम होती. नव्या सूचीत प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे नाव, गाव आणि तालुका आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात कर्तृत्वाची ही पुनःस्थापना फार मोलाची आहे आणि ती यंत्रामुळेच शक्य झाली. परंतु त्याच यंत्राने विषयवार वर्गीकरण मागितले. सीता एका खणात, भाऊ दुसऱ्यात, विठ्ठल तिसऱ्यात. ज्या संक्रमणात या गायनाचा खरा अर्थ होता, नेमके तेच संक्रमण कप्प्यांच्या भिंतींनी तुटले. मुद्रणापूर्वीच्या लिप्यंतरात भरीचे शब्द व आवर्तनेही बहुधा गळतात. उरते ती दोन ओळींची नीटस संहिता, आणि समीक्षक तिलाच कविता समजून प्रतिमांची मोजदाद करू लागतो.

उद्याची यंत्रे मराठी शिकणार आहेत ती मुख्यतः अशाच नीटस संहितांवर. त्यांना सीतेची ओवी मिळेल. ती कोणत्या ओवीनंतर आली, हे मिळण्याची शाश्वती नाही. तेव्हा संपादनाचे पहिले काम गायनाचा मूळ क्रम ध्वनिफितीनुसार पुन्हा लावण्याचे आहे. कित्येक फितींत दोन ओव्यांच्या मध्ये गायिका थांबते, बोलते, हसते. जाते असेल तर तेवढा वेळ फक्त त्याची घरघर ऐकू येते. लिप्यंतरात तेथे कोरी जागा आहे.