मुक्कामाचे वाङ्मय

आपल्या त्रैमासिकाकडे येणाऱ्या प्रवासलेखांचे पहिले वाचन गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पूर्वी असे लेख वर्षाकाठी एखाद-दुसरा येत. आता दर अंकासाठी तीन-चार येतात आणि त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच घटना असते. मुलगा अथवा मुलगी युरोपात नोकरीस आहे. आईवडील त्यांच्याकडे जातात. शेंगेन व्हिसा एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहू देतो, म्हणून पुरते तीन महिने राहून परततात आणि मग लिहावयास बसतात. वस्तुतः हा प्रवास नव्हे, हा मुक्काम आहे. परंतु लेख हाती घ्यावा तो त्यात आयफेल टॉवर, ऱ्हाइनचा धबधबा आणि स्वित्झर्लंडचे बर्फ. नव्वदांपैकी बारा दिवस सहलीचे असतील, तर लेख त्या बारा दिवसांचा असतो. उरलेले अठ्ठ्याहत्तर दिवस ही मंडळी काय करीत होती, काय खात होती, कोणत्या दुकानातून मीठ आणीत होती, याचा पत्ता वाचकाला लागत नाही.

ही तक्रार मी दुसऱ्यांविषयी करीत आहे असे कोणी समजू नये. माझा स्वतःचा लेखही याच जातीचा होता. तो मी छापावयास दिला नाही, एवढेच.

आपल्या प्रवासवर्णनांत अन्न येत नाही असे मुळीच नाही. उलट ते हटकून येते. मात्र ठराविक दोन रूपांत येते. एक रूप हालअपेष्टांच्या विनोदाचे. परदेशात सपक, उकडलेले काहीतरी पुढे येते, लेखक व्याकूळ होतो आणि अखेर कोणा मराठी गृहस्थाच्या घरी पिठले-भात मिळून त्याचा आत्मा शांत होतो. दुसरे रूप नवलाईचे. अमुक शहरी तमुक पदार्थ खाल्ला, तो अप्रतिम होता, पुढे चला. दोन्ही रूपांत लेखक पानावर बसलेला असतो. चुलीपाशी तो कधी जात नाही, पिशवी घेऊन बाजारात तर नाहीच नाही.

या पहिल्या रूपाचे पितृत्व आपण पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’कडे देतो. १९६०मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्या लेखनाने आमच्या पिढीला विलायत दाखवली, हे ऋण मान्यच आहे. पण ‘अपूर्वाई’ पुन्हा वाचताना जाणवते की पु. लं.ची फजिती हे तिथे एक साधन आहे. स्वतःला भाबडा मराठी मध्यमवर्गीय ठरवून ते समोरच्या माणसाला मोठे होऊ देतात, म्हणून त्या पुस्तकातील उत्तम भाग स्थळांचे नसून माणसांचे आहेत. शिवाय ते तेथे दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी राहिले होते. धावत्या सहलीत हाती न लागणाऱ्या गोष्टी त्यांना मुक्कामाने दिल्या. अनुकरण करणाऱ्यांनी फजिती तेवढी उचलली आणि मुक्काम सोडून दिला. परिणामी साठ वर्षांपूर्वी जे ताजे होते त्याचा साचा झाला. आज युरोपातील कोणत्याही मध्यम शहरात तूरडाळ मिळते. तरी आमच्या लेखांतील काका अजून उपाशीच आहेत!

मीना प्रभू यांच्या ‘माझं लंडन’ची गोष्ट निराळी. त्या शहरात संसार केलेल्या व्यक्तीचे ते लेखन आहे आणि शीर्षकातील ‘माझं’ हा शब्द तिने कमावलेला आहे. पण आम्ही नव्वद दिवसांचे लोक. आम्ही तेथले नव्हे आणि पुरते पाहुणेही नव्हे. या अधल्यामधल्या अवस्थेला मराठीत अद्याप लेखक मिळालेला नाही, असे माझे मत आहे.

हे मत पुस्तकांवरून बनले नाही, एका वहीवरून बनले. २०१९च्या एप्रिलअखेरीपासून जुलैपर्यंत आम्ही उभयता मुलीकडे फ्रायबुर्गला होतो. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, काळ्या अरण्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. रस्त्यांच्या कडेने दगडी पन्हळींतून पाणी वाहते. त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होते, असा तेथे समज आहे. (आमच्या वयाला हा धोका नव्हता.) मी रोज रात्री दैनंदिनी लिहीत असे. सौभाग्यवती हिशेबाची वही लिहीत असे. इंदूरला ती गेली चाळीस वर्षे लिहीत आली आहे, तशीच तेथेही. परतल्यावर लेखासाठी मी दैनंदिनी उघडली, तर तीत इमारतींच्या उंचीखेरीज फारसे काही सापडेना. एका खर्चाचा आकडा हवा होता म्हणून तिची वही मागितली आणि बसल्या बैठकीला सगळी वाचून काढली.

एकच दिवस दोन्ही वह्यांतून पाहावा. गावाच्या मध्यभागी मुन्स्टर हे मोठे चर्च आहे आणि त्याच्याभोवती रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. उत्तरेच्या बाजूस आसपासच्या शेतकऱ्यांच्या फळ्या असतात, दक्षिणेस इतर विक्रेते. माझ्या दैनंदिनीत त्या दिवशी मनोऱ्याची उंची ११६ मीटर असल्याची आणि १९४४च्या नोव्हेंबरातील बाँबफेकीत भोवतालचे गाव उद्ध्वस्त होऊनही मनोरा उभा राहिल्याची नोंद आहे. दोन्ही गोष्टी कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळतील. मनोऱ्याखालच्या प्रवेशमंडपात मात्र मी बराच वेळ थांबलो होतो, कारण तेथील दगडांत बाजाराची जुनी मापे कोरलेली आहेत: हात, धान्याचे माप आणि पावांचे आकार. पावांच्या आकृतींपाशी १२७०, १३१७, १३२० अशी साले आहेत. माझी सारी नोकरी राज्य शासनाच्या नापतौल खात्यात गेली. देवळाच्या दारातच प्रमाणित माप कोरून ठेवण्याची ही युक्ती पाहून मला आमच्या निरीक्षकांच्या लाकडी पेट्या आठवल्या. मध्ययुगीन युरोपात पुष्कळ ठिकाणी पावाची किंमत तीच ठेवून धान्याच्या भावाप्रमाणे त्याचे वजन कमी-जास्त करीत. १३१५ ते १३१७ हा उत्तर युरोपातील भीषण दुष्काळाचा काळ. म्हणजे त्या मधल्या सालामागे उपाशी माणसे उभी आहेत. हे सारे मला ठाऊक होते, मी ते सौ.ला सांगितलेही. लिहिले मात्र नाही, कारण ते ‘कामावरचे’ वाटले.

तिच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी: ‘पाव १ किलो, राईचा. आंबवलेला, अनारशाच्या पिठासारखा वास. दगडातला पाव पाहिला. तो किती जणांना पुरत असेल, विचारायचे राहिले.’

मनोऱ्याची उंची तिने लिहिलेली नाही. प्रश्न मात्र नेमका विचारला आहे, आणि तो त्या दगडाचाच प्रश्न आहे.

वहीत अशी स्थळे बरीच आहेत. ‘क्वार्क म्हणजे चक्काच, थोडे पाणी काढावे लागते. श्रीखंड जमले.’ ‘मोहरी पिवळी. तडतडते, पण वास नाही.’ पांढरे श्पार्गेल हे तिकडचे ऋतूचे कौतुक. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत, म्हणजे सेंट जॉनच्या दिवसापर्यंत, गावभर त्याचीच चर्चा असते. तिची नोंद: ‘दिसायला शेवगा, गुण शेवग्याचा नाही. साल फार जाते. तुपावर बरे.’ तिकडे पाककृती ग्रॅममध्ये असतात आणि ओट्यावर काटा असतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’वर वाढलेल्या, वाटी-चमच्याच्या हाताला तो काटा पहिले काही दिवस अपमानास्पद वाटला असावा, कारण ‘वाटी मिळाली’ अशी एक स्वतंत्र ओळ तारखेनिशी आहे. रविवारी दुकाने बंद, हे शनिवारच्या लांबलचक यादीवरून कळते. प्लॅस्टिकच्या बाटल्या यंत्रात परत केल्या की दर बाटलीमागे पंचवीस सेंट अनामत परत मिळते. वहीत जमेच्या बाजूला ‘बाटल्या ३, ७५ सेंट’ असे जे मानाने लिहिले आहे, त्यात घरधनीण झाल्याचा आनंद आहे.

खरी गोष्ट संध्याकाळच्या जेवणाची. जर्मन घरांत रात्रीचे जेवण पुष्कळदा थंड असते: पाव, चीज, काकडी. सहा वर्षांची नात संध्याकाळी सहाला ते आनंदाने खाई. आजीला हे सोसवेना. पहिले तीन आठवडे वहीत रोज ‘मऊ भात’, ‘खिचडी’, ‘फोडणीचे वरण’ अशा नोंदी आहेत आणि त्यांपुढे बारीक अक्षरात ‘उरले’. घरात त्यावरून एकदा शब्दाला शब्दही लागला. मुलगी म्हणाली, “आई, तिला ते आवडतं, तिला उपाशी ठेवलेलं नाही.” माझ्या दैनंदिनीत त्या दिवशी कोन्स्टान्सचे सरोवर आहे. पुढे तिसाव्या दिवशी वहीत येते: ‘आज आम्हीही पाव-चीज. भांडी चारच.’

मी आयुष्यभर टिपणे वाचली आणि लिहिली. पराभव, सुटका आणि थोडीशी मौज इतक्या कमी शब्दांत सांगणारे टिपण माझ्या पाहण्यात नाही. त्यानंतर ‘उरले’ हा शब्द वहीतून नाहीसा होतो. जूनच्या मध्यावर नोंद आहे: ‘मेतकूट संपले.’ कारण नातीने लोणी लावलेल्या पावावर मेतकूट भुरभुरून खाण्याची रीत आपणहून काढली होती. हे मला माहीत आहे; वहीवरून परक्याला कळणार नाही. येथे वहीची मर्यादा दिसते, ती सांगितली पाहिजे. हिशेब म्हणजे वाङ्मय नव्हे. त्याला कोणीतरी मागचे-पुढचे जोडून द्यावे लागते, आणि ते काम लेखकाचे. पण लेखकाने आधी त्या नोंदीला मोल आहे असे मानले पाहिजे ना! मी सौ.ला म्हटले, “यावर तू लिही.” तिने विचारले, “अहो, हे काय लिहिण्यासारखं आहे का?” हा विनय नाही. आपण जे छापीत आलो, त्यावरून तिने काढलेला तो रास्त निष्कर्ष आहे.

आणि आपण तरी कोण? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपली घराणी म्हणजे चार-पाच पिढ्या लांबलेला मुक्कामच की. आमच्या घरी पोहे वाफेवर होतात, त्यांत बडीशेप पडते, वर शेव येते आणि शेजारी जिलबी. कोकणातून आलेल्या कोणत्या पणजीने ती बडीशेप प्रथम सहन केली, तिच्या घरात कोणाचा शब्द कोणाला लागला, याची एक ओळ आमच्याकडे नाही. होळकर दरबारच्या सनदा मात्र जपून ठेवल्या आहेत. १८५७च्या धामधुमीत उत्तरेकडे आलेल्या गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ आपण अभिमानाने मिरवतो. तो गृहस्थ बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने, म्हणजे पोटासाठीच, घराबाहेर पडला होता आणि ते त्याने लपवले नाही. त्या पुस्तकाचा जिवंतपणा पुष्कळसा या कबुलीत आहे.

यापुढे मुक्कामाचे लेख पाठविणाऱ्यांना मी एक विनंती करणार आहे: शक्य असल्यास घरातील हिशेबाची वही सोबत जोडावी. ती परत केली जाईल.

आमच्याकडील वही मात्र जोडता येत नाही. तिची अर्धी पाने कोरी होती; सौ.ने ती परत मागून घेतली आणि मेतकुटाच्या नोंदीनंतर चार पाने सोडून आता तीत दुधाचा हिशेब चालू आहे.