‘असे’ या शब्दावाचून : दूरशिक्षणातील कौशल्यभाषेचा विचार

दूरशिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग संख्येचे : किती विद्यार्थी नोंदले गेले, किती केंद्रे उघडली. दुसरे साधनांचे : टपाल, आकाशवाणी, उपग्रह, संगणक आणि आता भ्रमणध्वनी. ज्या द्रव्याने हे शिक्षण घडते ते द्रव्य म्हणजे भाषा. तिचा विचार मात्र क्वचितच होतो. इतिहास किंवा साहित्य शिकविताना ही उपेक्षा काही अंशी खपून जाते, कारण तेथे शिकवावयाची वस्तूच मुळी भाषेत असते. हाताचे कौशल्य शिकवावयाचे म्हटले की ती खपत नाही. ज्या देशांत शिक्षक थोडे, कार्यशाळा त्याहून थोड्या आणि शिकू पाहणारे अगणित, त्या देशांनी कौशल्यशिक्षणाचा भार दूरशिक्षणावर टाकावा हे स्वाभाविकच आहे. परंतु तो भार अखेर येऊन पडतो तो पुस्तकातल्या वाक्यावर. आपले वाक्य तो पेलते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

शिंपी आपल्या हाताखालच्या पोराला शिकवितो तेव्हा त्याच्या बोलण्यात नामे फार थोडी असतात. ‘असे धर’, ‘एवढे सोड’, ‘इथून ने’, ‘जरा तिरपे’ — सारा व्यवहार दर्शक शब्दांवर चाललेला असतो. या शब्दांचा अर्थ वाक्यात नसतो. तो बोलणाऱ्याच्या बोटाच्या टोकाशी असतो. त्यांतही ‘तसे नव्हे, असे’ ही तीन शब्दांची उक्ती अध्यापनदृष्ट्या सर्वांत मोलाची होय. तिच्यातील पहिला दर्शक शिकणाऱ्याच्या हाताकडे वळतो आणि दुसरा शिकविणाऱ्याच्या. उस्तादाने शिष्याचा हात पाहिला आहे, त्यातील चूक ओळखली आहे आणि तिच्याशेजारी आपला हात ठेवला आहे, इतके सारे तिच्यात गृहीत धरलेले असते. छापील पानावर बोटही नाही आणि शिष्याचा हातही नाही. दूरशिक्षणातील अंतर मैलांनी मोजण्याची आपली सवय आहे. माझ्या मते ते या दोन दर्शकांच्या लोपाने मोजणे अधिक यथार्थ ठरेल.

मग या लोपाची भरपाई आपली अभ्यासपुस्तके कशी करतात? उद्दिष्टे, प्रास्ताविक, विषयविवेचन, सारांश, स्वाध्याय हा घटकाचा साचा आता इतका रूढ झाला आहे की विषय मोडी लिपीचा असो वा मधमाशीपालनाचा, पाने सारखीच दिसतात. स्वीडनचे होल्मबर्ग यांनी मुद्रित पाठ हा विद्यार्थ्याशी चाललेला मार्गदर्शक संवाद असावा, असा विचार मांडला. त्याचे आपल्याकडील रूप पुष्कळदा घटकारंभीच्या ‘विद्यार्थी मित्रहो’ या संबोधनापाशीच थांबते. पुढे वाक्यरचना बदलते आणि कर्ता अंतर्धान पावतो. ‘मृदेतील आर्द्रतेचे प्रमाण इष्टतम असताना मशागतीची क्रिया संपन्न करण्यात यावी’ असे एक वाक्य नमुन्यादाखल कल्पिले, तर या गद्याच्या परिचितांना ते अनोळखी वाटू नये. त्यात चूक काही नाही. ते फक्त निरुपयोगी आहे. शेतकऱ्यापाशी या स्थितीसाठी ‘वाफसा’ हा एक शब्द आहे, आणि त्या शब्दाबरोबर परीक्षाही आहे : मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, आणि तो खाली टाकला असता फुटावा. ‘इष्टतम’ या शब्दाला अशी कोणतीही परीक्षा नाही. परिभाषा घडविणाऱ्यांवर येथे दोष ठेवण्याचा हेतू नाही. शास्त्राला परिभाषा लागतेच. मात्र वर्णनाची परिभाषा कृतीच्या जागी बसविली की शिकणाऱ्याला उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे पुष्कळ मिळते आणि शेतात करण्याजोगे काहीच मिळत नाही.

दर्शकांच्या जागी ठेवता येईल अशी सामग्री मराठीत आहे, आणि ती फलदर्शक शब्दांची आहे. पाक ‘एकतारी’ होतो, चुना ‘विरतो’. हात कसा हलवावा हे असे शब्द सांगत नाहीत. तो बरोबर हलला हे कशावरून ओळखावे, ते सांगतात. या दृष्टीने पाहता, कौशल्याच्या दूरशिक्षणाचे मराठीतील सर्वांत यशस्वी पुस्तक कोणत्याही विद्यापीठाने काढलेले नाही. ते कमलाबाई ओगले यांचे १९७० सालचे ‘रुचिरा’ होय. (पाकशास्त्राचे नाव काढताच काही विद्वानांच्या मुद्रेवर स्मित उमटते, ते आपण सोसू.) घरोघरी असणारी वाटी आणि चमचा ही मापे त्या पुस्तकाने कसोशीने वापरली, आणि माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या, पुढे परदेशी गेलेल्या कित्येक पिढ्यांनी त्यावरून स्वयंपाक केला. अर्थात या यशाला दोन आधार होते. वाचणाऱ्याने तो पदार्थ पूर्वी खाल्लेला होता, आणि परीक्षक घरातच ताटावर बसलेला होता. ज्याने करवतीचा दाता कधी पाहिला नाही, त्याला पुस्तकातील वाटीचमच्याचा कितपत उपयोग होणार?

हा जवळचा परीक्षक पुरविण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांतील एक आपल्याच मुलखात झाला. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरविली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर गावात चर्चा करावयाची, शंका लिहून केंद्राकडे धाडावयाच्या आणि त्यांची उत्तरे ऐकावयाची, अशी ती योजना होती. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने केलेल्या परीक्षणात मंडळे असलेल्या गावांची ज्ञानवृद्धी केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. ध्वनिक्षेपण दोहोंकडे एकच होते. फरक होता तो मंडळाचा. कोलंबियात १९४७ साली साल्सेदो या पाद्र्याने सुतातेन्सा येथे सुरू केलेल्या रेडिओशाळांत प्रत्येक श्रोतृगटापाशी गावातलाच एक साक्षर सहायक बसे. टांझानियातील १९७३ च्या आरोग्यमोहिमेत सुमारे वीस लाख माणसे अशाच गटांतून ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर त्यांनी खड्डे खणून संडास बांधले. तिन्ही ठिकाणी आवाज दुरून येत होता, परंतु ‘तसे नव्हे’ म्हणणारा माणूस जवळ होता.

पुढील काळात संस्था वाढल्या. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याने शेतीसारखे विषय मराठीतून दूरशिक्षणात आणले, हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. तथापि प्रवेश आणि प्रमाणपत्र यांची व्यवस्था ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने जवळच्या माणसाची व्यवस्था वाढत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निर्णय दिला, त्यातही प्रात्यक्षिके हा तांत्रिक शिक्षणाचा कणा आहे या मुद्द्यावर भर होता. पदवी हातात आणि हात रिकामे, अशा अवस्थेत जो सापडतो त्याची फी आणि वर्षे दोन्ही गेलेली असतात.

आता भ्रमणध्वनीच्या पडद्याने हा प्रश्न सोडविला आहे, असे म्हटले जाते. चलच्चित्राने ‘असे’ परत आणले, हे खरे. करवत कशी धरावी हे आता दिसते, आणि छापील घटकाने वर्षानुवर्षे जे साधले नाही ते दोन मिनिटांच्या चित्राने साधते. पण पडदा शिकणाऱ्याचा हात पाहत नाही. म्हणजे दोन दर्शकांपैकी एकच परतला आहे, आणि तोही अधिक सोपा. राहिलेला दुसरा दर्शक परत आणावयाचा तर विद्यार्थ्याने आपल्या हाताचे चित्र काढून पाठवावे आणि ते पाहण्यासाठी तालुक्यातील एखाद्या सुताराला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला रीतसर मानधन मिळावे. हे तांत्रिकदृष्ट्या आज कठीण नाही. मात्र असा सुतार अभ्यासपुस्तकाच्या लेखनमंडळातही हवा. खर्डा छापखान्यात जाण्यापूर्वी तो एखाद्या नवशिक्याच्या हाती द्यावा, लेखकाने शेजारी तोंड मिटून बसावे आणि नवशिका कोणत्या वाक्यापाशी थांबून वर पाहतो, याची नोंद घ्यावी.