चिनी भरतकामांतील सोनें

चिनी जरीचें भरतकाम पाहतांना आपल्याकडील रसिक प्रथम सोन्याचें मोल करूं लागतो, आणि तेथेंच फसतो. या दोऱ्यांत सोनें फारच थोडें. आपला कलाबतू धातूच्या तारेचा. चिनी कारागीर बहुधा कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या रेशमी धाग्याभोंवतीं गुंडाळतो. असा नाजूक दोरा कापडांतून वारंवार ओढला तर वर्ख उडावयाचाच. म्हणून तो वर नुसता मांडतात व दुसऱ्या बारीक रेशमी धाग्याच्या टांक्यांनीं जागोजाग बांधतात. हा धागा तांबडा असला कीं सोन्यास ऊब येते. सगळी खुबी या लपलेल्या धाग्यांत आहे!

छिंग अमदानींतील (१६४४-१९१२) राजवस्त्रांवरचा पंचनखी ड्रॅगन पाहावा. खवल्याखवल्यागणिक दोरा वळतो, तसा प्रकाशही वळतो, आणि प्राणी सजीव भासतो. येथें सोनें म्हणजे रेषा आहे.

अधिकाऱ्यांच्या छातीवरील चौकोनी पदचिन्हांविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं. मुलकी अधिकाऱ्यास पक्षी, लष्करी अधिकाऱ्यास पशु, असा दंडक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं चिन्हांची पार्श्वभूमि आधींच भरून ठेवीत आणि पक्षी निराळा करून वरून टांकीत. बढती मिळाली कीं पक्षी तेवढा बदलावयाचा. सोय उत्तम, पण असला पक्षी त्या आकाशांत कधीं उडालेला दिसत नाहीं. भोंवतीं सोनें चकाकतें, आणि तो सूर्याकडे तोंड करून, पाहुण्यासारखा अवघडून उभा असतो.