शोध आणि निवड : बारामती–इंदापूर परिसरातील प्रज्ञावान विद्यार्थी व परीक्षांची भाषा

‘प्रज्ञाशोध’ हा शब्द मराठी शिक्षणव्यवहारात आता चांगलाच रुळला आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध कितपत सार्थ आहे, याचा विचार क्वचितच होतो. जे उमेदवार समोर येतात त्यांना गुणानुक्रमे लावणे, ही निवड होय. जे समोर येत नाहीत, अथवा येऊनही मूक राहतात, त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा शोध होय. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके हा भेद तपासून पाहण्यास विशेष अनुकूल आहेत. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा, त्याला लागूनच असलेली जिरायती गावे, उजनीच्या फुगवट्याकाठची वस्ती आणि साखर कारखान्यांभोवती हंगामापुरती उभी राहणारी ऊसतोडणी कामगारांची खोपटी, इतकी सामाजिक विविधता येथे अल्प अंतरात एकवटली आहे.

या परिसरातील मुलांपुढे प्रज्ञेची परीक्षा घेणारी साधने मुख्यतः दोन. पहिले, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४–५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीसाठी असे. २०१७ पासून ती पाचवी व आठवीसाठी होऊ लागली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. दुसरे, जवाहर नवोदय विद्यालयांची प्रवेशपरीक्षा. १९८५–८६ साली हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे या विद्यालयांचा आरंभ झाला; त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

या परीक्षांची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. पर्यायी उत्तरांची छापील प्रश्नपत्रिका मुलाची जात, बापाची जमीन अथवा पुढाऱ्याची चिठ्ठी पाहत नाही. निवडीचा अधिकार केवळ शिक्षकाच्या मतावर सोपविला असता, तर गावातील मानपानाची उतरंडच गुणवत्तेच्या यादीत उतरली असती, ही भीती निराधार नव्हे. तथापि प्रश्नपत्रिका माणसाकडे पाहत नसली, तरी ती एका विशिष्ट भाषेतच बोलते. आणि ती भाषा सर्व मुलांपासून सारख्या अंतरावर नसते.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या ३०० गुणांपैकी प्रथम भाषेला ५० व तृतीय भाषेला ५० गुण आहेत. म्हणजे एक तृतीयांश गुण उघडच भाषेचे. उरलेल्या २०० गुणांत गणित व बुद्धिमत्ता चाचणी येते. पण शाब्दिक उदाहरणे, समसंबंध, वर्गीकरण, सूचनापालन यांतही प्रमाण मराठीचे वाचन हीच पहिली पायरी असते. नवोदयच्या परीक्षेत १०० पैकी ५० गुण आकृत्यांवर आधारलेल्या मानसिक क्षमतेला आहेत. त्या मानाने तेथे भाषेचा भार हलका आहे, असे म्हणता येईल.

या भाराचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. या भागातील पुष्कळ घरांत ‘विहीर’ला ‘इहीर’, ‘वेळ’ला ‘येळ’ आणि ‘ओढा’ला ‘वढा’ म्हणतात. शाळेच्या दृष्टीने ही अशुद्धे होत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र येथे एक सुसंगत व्यवस्था दिसते : इ-ए या स्वरांपूर्वीचा आद्य ‘व’ स्थिर राहत नाही, उलट आद्य ‘ओ’च्या जागी ‘व’ येतो. ही व्यवस्था मूल कोणी न शिकविता आत्मसात करते. ‘शुद्ध शब्द ओळखा’ असा प्रश्न येताच तेच ज्ञान त्याच्या विरुद्ध जाते. ज्याच्या घरी पुस्तकी मराठी बोलली जाते, त्याला तेच गुण विनासायास मिळतात. मोजले जाते ते घर आणि ग्रंथ यांमधील अंतर. नाव मात्र बुद्धीचे दिले जाते.

वर्गीकरणाच्या प्रश्नांचेही तसेच आहे. ‘आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा’ या चार पदांतील विसंगत पद कोणते? उसाच्या पट्ट्यातील मूल खोडवा वेगळा काढील. कारण पहिल्या तिहींची ओळख लागणीच्या हंगामावरून होते, तर खोडवा तुटलेल्या उसाच्या बुडख्यापासून फुटतो. ‘कोयता’ हा शब्द हत्यारासाठी आणि तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीसाठीही वापरला जातो, हे फडावरचे मूल जाणते. चाचणीला अभिप्रेत असलेली तर्कक्रिया येथे पूर्णपणे उपस्थित आहे. केवळ तिची सामग्री प्रश्नपत्रिकेबाहेरची आहे.

या प्रश्नाला शास्त्रीय पूर्वपीठिका आहे. बिने व सिमाँ यांनी १९०५ मध्ये आपली कसोटी रचली ती ज्यांना विशेष अध्यापनाची गरज आहे अशी मुले ओळखण्यासाठी. डॉ. वि. वि. कामत यांनी ती कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी सिद्ध केली. त्यांचा तद्विषयक ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. भाषांतराने भागत नाही, कसोटी त्या समाजातील मुलांवर नव्याने प्रमाणित करावी लागते, हा या कार्याचा धडा होय. पुढे अमेरिकेत लबॉव्ह यांनी १९६९ मधील आपल्या निबंधात असे दाखविले की, परीक्षकापुढे एकाक्षरी उत्तरे देणारे मूल परिस्थिती बदलताच, मित्र सोबत असताना, अस्खलित बोलू लागते. मौन हे मुलाचे नसून प्रसंगाचे होते.

भाषेइतकाच अडसर कालगणनेचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा गाळप हंगाम हिवाळ्यात भरात असतो. पाचवी-आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा फेब्रुवारीत घेतली गेली. बीडहून फडावर आलेल्या मुलाचे नाव एका जिल्ह्यातील शाळेत आणि ते स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती त्या वेळी असते. नवोदयसाठी पाचवीचे संपूर्ण वर्ष ज्या जिल्ह्यात प्रवेश हवा तेथील शाळेत झालेले असावे लागते. प्रत्येक नियम स्वतंत्रपणे समंजस आहे. सर्वांचा एकत्रित परिणाम असा की, या मुलाचा शोध घेण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

निवडीनंतर काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. शिष्यवृत्तीने मुलाला रक्कम व गौरव मिळतो. त्याचे वर्गातील अध्यापन बदलत नाही. नवोदयने ते बदलते, पण मुलाला गाव सोडावे लागते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ पासूनच्या आपल्या प्रशालेत प्रज्ञावान मुलांसाठी अध्यापनाचीच वेगळी योजना केली. तो प्रयोग नगरातला आहे. त्यातील तत्त्व मात्र, म्हणजे निवडीमागोमाग अध्यापन आले पाहिजे हे, ग्रामीण शाळेलाही लागू आहे. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही विशेष प्रज्ञेच्या मुलांना शिक्षकांनी वर्गातच पूरक साहित्य व उत्तेजन द्यावे, असे सुचविते.

यावर कोणी म्हणेल की, परीक्षा दूर सारून शिक्षकाच्या निरीक्षणावर विसंबावे. परंतु ‘इहीर’ ऐकताच मूल मंद ठरविणारा कान शिक्षकाचाही असू शकतो. म्हणून परीक्षा ठेवूनच तिला तीन गोष्टींची जोड देणे इष्ट होय. एक, काही प्रश्न मुलाच्या बोलीत तोंडी विचारावेत, आणि नवी गोष्ट शिकविल्यावर ते ती किती लवकर उचलते हे पाहावे. दोन, जिल्ह्याच्या एकाच यादीबरोबर प्रत्येक शाळेतील अग्रेसर मुलांचीही नोंद व्हावी. म्हणजे जिरायती वाडीवरच्या शाळेतील मुलाची तुलना प्रथम त्याच्या सोबत्यांशी होईल. तीन, स्थलांतरित मुलाला हंगामात तो जेथे असेल तेथे परीक्षेस बसू द्यावे, आणि त्याची नोंद त्याच्याबरोबर प्रवास करावी.

यांतील कोणतीही गोष्ट खर्चिक नाही. पहिलीसाठी मात्र शिक्षकाला बोलीचे व्याकरण ठाऊक असले पाहिजे. ते लिहून शिक्षक-प्रशिक्षणापर्यंत पोहोचविणे हे विद्यापीठांतील मराठी व भाषाशास्त्र विभागांचे काम आहे. नीरा व भीमा यांच्या दरम्यानच्या बोलीचे असे शालोपयोगी वर्णन जोवर शिक्षकाच्या हाती येत नाही, तोवर परीक्षेच्या उणिवेचा काही भाग या विभागांच्याही पदरी घातला पाहिजे.