‘प्रत्यक्ष निरीक्षण’ : एका वैज्ञानिक दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना : धातूची तार न तुटता वाकते, याचे स्पष्टीकरण १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडले. स्फटिकातील अणूंचा संपूर्ण थर एकदम सरकत नाही. ‘डिसलोकेशन’ अर्थात स्थानभ्रंश ही रेषारूप त्रुटी पुढे सरकते आणि तिच्यामागे घसरण पूर्ण होत जाते. ही कल्पना दोन दशके प्रामुख्याने अनुमानावर उभी होती. १९५६ मध्ये केंब्रिज येथे हर्श, हॉर्न व व्हेलन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियमच्या वर्खात या रेषा हलताना दिसल्या. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘प्रत्यक्ष निरीक्षणे’ असा उल्लेख आहे. हा ‘प्रत्यक्ष’ शब्द कितपत सार्थ आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन : पडद्यावरील काळी रेषा म्हणजे त्रुटी नव्हे. त्रुटीभोवती वाकलेल्या अणुप्रतलांमुळे इलेक्ट्रॉनांचे विवर्तन बदलते आणि ती छाया उमटते. विशिष्ट दिशेने पाहिल्यास तीच रेषा अदृश्य होते. म्हणजेच न दिसणे हा नसल्याचा पुरावा ठरत नाही.

दुसरी मर्यादा नमुन्याची. इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून वर्ख मायक्रोमीटरच्या अंशाइतका पातळ करावा लागतो. अशा वर्खाचे दोन्ही पृष्ठभाग स्थानभ्रंशांना आपल्याकडे खेचतात आणि काही रेषा बाहेर निसटतात. जाड सळईत त्यांना ही वाट उपलब्ध नसते. शिवाय १९५६ च्या प्रयोगात ताण मोजून दिलेला नव्हता. इलेक्ट्रॉनशलाकेमुळेच तो वर्खात निर्माण झाला होता. निरीक्षणाचे साधनच येथे घटनेचे कारण बनले.

जाड नमुन्यांसाठी पुढे दहा लाख व्होल्टचे सूक्ष्मदर्शक वापरात आले. तथापि सुमारे १७० किलोव्होल्टच्या पुढे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमचे अणू जागेवरून उडवू लागतात. एक अडचण दूर करताना दुसरी उद्भवली.

समारोप : यावरून १९५६ च्या कार्याचे मोल उणावत नाही. स्थानभ्रंश अस्तित्वात आहेत आणि ते सरकतात, हे त्याने निर्विवाद केले. परंतु त्यांची संख्या, वेग व मांडणी वर्खावरून थेट जाड धातूला लागू करणे घाईचे ठरेल. अध्यापनात ते छायाचित्र दाखविताना ‘काय दिसते’ याबरोबरच ‘कशामुळे दिसते’ हेही सांगितले गेले, तरच विद्यार्थ्याला पुरावा आणि प्रतिमा यांतील भेद उमगेल.