अन्नस्वयंपूर्णता आणि हवामाननीती : एक परीक्षण

अन्नधान्यातील स्वयंपूर्णता हे भारतात राजकीय स्वातंत्र्याचे एक लक्षण मानले गेले आहे, आणि ते सकारण होय. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावे लागले. त्या परावलंबनातून अधिक उत्पन्न देणारी बियाणी, हमीभाव आणि सरकारी खरेदी यांनी देशाला मुक्त केले. हे यश निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो ते मोजण्याच्या मापाविषयी.

ही स्वयंपूर्णता टनांत मोजली जाते. त्या धान्यासाठी खर्ची पडलेले पाणी हिशेबात धरले जात नाही. पंजाबात भूजलाचा उपसा वार्षिक पुनर्भरणाहून अधिक आहे, तरी खरेदीच्या खात्रीमुळे भाताचे पीक टिकून आहे. २००९ च्या कायद्याने तेथे १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी झाली. पाणी वाचविण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु त्यामुळे कापणी लांबली, गव्हाच्या पेरणीपूर्वीचा अवधी घटला आणि पेंढा शेतातच जाळण्यास आणखी एक कारण मिळाले.

यावर धान्य आयात करावे, असा उपाय काही अर्थशास्त्रज्ञ सुचवितात. तो पटण्यासारखा नाही. मार्च २०२२ मधील उष्णतेने गव्हाला झळ पोचताच भारतानेच मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबविली. जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली व ती सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकली. टंचाईच्या वर्षी विक्रेता देश प्रथम स्वतःचे कोठार पाहतो.

म्हणून स्वयंपूर्णता सोडणे नव्हे, तर तिची व्याप्ती वाढविणे इष्ट ठरते. सोलापूरकडील रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतील ओलाव्यावर येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यांना स्थान आहे, त्यांना हमीभावही जाहीर होतो. प्रत्यक्ष खरेदी मात्र बहुतांशी गहू-तांदळाचीच होते. ज्वारीचे हेक्टरी उत्पन्न कमी असल्याने हा बदल सावकाशच होईल. तथापि २००८ च्या राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यातील शाश्वत शेती अभियानाच्या हाती खरेदीची सूत्रे नाहीत. ही दोन धोरणे जोपर्यंत एकत्र आखली जात नाहीत, तोपर्यंत भरलेली कोठारे आणि आटणाऱ्या विहिरी यांतील विसंगती कायम राहील.